अरबी माणूस सरकारबद्दल बोलतो का हो?

रेशनवाला (दारव्हा तालुका)

राजेहो, माझं रास्त भाव दुकान आहे. धान्य आलं की मशीनची रेंज जाते, अन् लोक बाहेर लिंबाखाली वाट पाहत बसतात. तिथं जेवढं राजकारण होते तेवढं ग्रामपंचायतीतही होत नसन. मागच्या आठवड्यात एका म्हातारीचा अंगठा काही केल्या उमटेना. तिनं तलाठ्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. बाजूचा एक जण म्हणे, "आजी, अरबस्तानात असती तर आत टाकलं असतं तुले. तिथं लोकायले मतच नसते, राजा म्हणन ते खरं."

म्हातारी म्हणे, "मंग घरी बसून काय बोलत असतीन ते?"

सगळे हसले, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिला. बातम्यांत तिकडचं युद्ध दिसते, तेल दिसते, उंच इमारती दिसतात. माणूस काय म्हणते ते दिसत नाही. कोणी राहून आलं असन तर सांगा. ऐकीव फॉरवर्ड नको.

एसीवाला भाऊ (पुसद)

अकरा वर्षं कुवेतमध्ये एसी दुरुस्तीत काढली, आता शेती करतो. पाहिलं तेवढंच सांगतो.

कुवेती माणसाच्या घरात एक वेगळी बैठक असते, तिला दिवानिया म्हणतात. भिंतीला लागून चारी बाजूंनी गाद्या-लोड, मधात चहाचं ट्रे, संध्याकाळी माणसं येऊन बसतात. आपला पारच समजा, फक्त गालिचा अंथरलेला अन् थंडगार. बायका त्यात सहसा नसतात, तेही पारासारखंच. निवडणुकीत उमेदवार या दिवानियांत फिरत. हो, निवडणूक! तिथं १९६३ पासून निवडून आलेली संसद होती, मंत्र्याला उभं करून जाब विचारत. बायकांना मताचा हक्क २००५ ला मिळाला. मग मे २०२४ मध्ये अमीरनं, म्हणजे तिथल्या राजानं, संसद बरखास्त केली.

मी शिडीवर चढून गॅस भरत असायचो, अन् खाली वाद पेटलेला. रस्ते, नोकऱ्या, कोणत्या मंत्र्यानं कोणाला चिकटवलं. अरबी कामापुरती येत होती, पण सूर तर समजतो ना. अमीरचं नाव मात्र कोणी घेत नसे. त्याच्यावर टीका म्हणजे गुन्हा.

खरं बोलणं मी खोलीत ऐकलं. माझ्यासोबत दोन इजिप्शियन होते, मिसरी. एक जण रात्री मोबाइलवर सारखं लिहायचा, इंग्रजी अक्षरं अन् मधेमधे तीन, सात असे आकडे. मला वाटे पगाराचा हिशोब करून राहिला. मग समजलं, अरबीतल्या ज्या अक्षरांना इंग्रजीत जागा नाही त्यांच्यासाठी ते आकडे वापरतात. लिहायचा काय? घरी रोटीचं काय झालं, रांग किती होती. रोज तेच.

जुना मास्तर (अकोट)

एसीवाल्या भाऊंनी रोटी काढली म्हणून लिहितो. इतिहास शिकवला तीस वर्षं, थोडं लांबेल.

रोटीला बाकीचे अरब 'खुब्झ' म्हणतात, मिसरी माणूस 'ऐश' म्हणतो. ऐश म्हणजे मुळात जगणं. आपण 'ऐश करतो' म्हणतो तो हाच शब्द, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. आपल्याकडे येईस्तोवर तो चैनीचा झाला, तिकडे रोजच्या भाकरीचाच राहिला. २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात लाखो लोक ओरडत होते त्या घोषणेतला पहिला शब्दच ऐश. मग स्वातंत्र्य, मग सामाजिक न्याय. क्रम पाहा.

त्याआधी जानेवारी १९७७ मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारनं पीठ, तेल, साखरेवरची सबसिडी काढली. दोन दिवस देश पेटला, सैन्य आणावं लागलं, अन् निर्णय मागे. त्यानंतरचे राज्यकर्ते रोटीच्या भावाला हात लावायला घाबरत.

२०११ च्या या उठावांची ट्युनिशियात सुरुवात झाली तीसुद्धा राजधानीत नाही. सिदी बूझिद नावाच्या आतल्या भागातल्या गावात, भाजीच्या हातगाडीवर. बुआझिझी या पोराची तराजू जप्त केली, दाद कोणी घेईना, १७ डिसेंबर २०१० ला त्यानं सरकारी कचेरीसमोर पेटवून घेतलं. १४ जानेवारीला तेवीस वर्षं खुर्चीवर असलेला राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला. यवतमाळच्या माणसाला, कास्तकाराचं मरण कचेरीत कसं मोजलं जाते, हे वेगळं सांगायला नको.

वर्धेची

मास्तर, छान. पण "अरब" हा एक माणूस नाही. अरब लीगमध्ये २२ देश आहेत. मोरोक्कोच्या बाईचं बोलणं इराकी माणसाला नीट समजत नाही. २०१९ मध्ये लेबनॉन व्हॉट्सअॅप कॉलवरच्या कराच्या प्रस्तावावरून रस्त्यावर आलं अन् घोषणा होती, "सगळे म्हणजे सगळे!" एकही नेता सोडला नाही. त्याच वर्षी अल्जीरियात दर शुक्रवारी मोर्चे निघाले अन् वीस वर्षं खुर्चीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला जावं लागलं. मतच नसते म्हणणाऱ्याला हे सांगा.

दुसरं, जिथं सगळे कौतुकच करतात तिथं जास्त कान द्यावा. सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी जून २०१८ ला मिळाली, जगभर वाहवा झाली. ज्या बायकांनी ती मागितली होती, त्यातल्या काहींना महिनाभर आधीच अटक झाली होती. कोणाचं म्हणणं ऐकू येते अन् कोणाचं नाही, हेही मतच आहे.

बाकी मिसरी लोकांची तऱ्हा म्हणजे विनोद. त्यांचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मुबारक, त्याला ते "हसरी गाय" म्हणत, चीजच्या डब्यावरच्या चित्रावरून. कोणाकोणाला आत टाकणार?

रेशनवाला (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. मी धंद्याचं विचारतो. तिकडे रोटी कार्डावर मिळते का? माणशी किती? अन् इथल्यासारखं धान्याऐवजी पैसे देण्याचं कोणी बोलते का? आमच्याकडे २०२३ पासून केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचं धान्य बंद होऊन खात्यात माणशी महिना १५० रुपये सुरू झाले, तेव्हापासून लिंबाखाली तोच विषय आहे. बाया म्हणतात, पैसा आला की तो घरधन्याचा, गहू आला की घराचा.

एसीवाला भाऊ (पुसद)

मिळते ना. कार्डावर माणशी रोजच्या पाच रोट्या. तीस वर्षांच्या वर भाव पाच पियास्त्रच (त्यांचे पैसे) होता, जून २०२४ ला एकदम वीस केला. अन् हो, रोख पैशाचं तिकडेही सरकार बोलून राहिलं.

पण भावाच्या आधी २०२० ला त्यांनी वजन उतरवलं होतं, ११० ग्रॅमची रोटी ९० ची केली. दुकानदाराला ही युक्ती सांगायला नको, राग नका मानू. तेव्हा माझ्या खोलीतल्या मिसऱ्याला त्याच्या आईनं फोटो पाठवला होता. लिहिलं काहीच नव्हतं. नुसता तिचा हात, त्यावर ठेवलेली रोटी, अन् रोटीच्या बाहेर निघालेली पाचही बोटं.

रेशनवाला (दारव्हा तालुका)

म्हातारीचं धान्य अजून द्यायचं आहे. उद्या ती येईन तेव्हा हा हात सांगतो तिला.