मदत हवी आहे: बहिणीवर 'एआयकडून निबंध लिहून घेतला' असा आरोप, पुढच्या आठवड्यात विद्यापीठात सुनावणी

मृद्गंध:
नमस्कार मंडळी. घाईत लिहिते आहे, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या. प्रकरण चालू असल्यामुळे विद्यापीठाचं आणि देशाचं नाव मुद्दाम देत नाही.

माझी धाकटी बहीण पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात आहे. एका विषयासाठी तिने दीर्घ निबंध दिला होता. बाकी सगळ्यांचे गुण लागले, तिला मात्र ईमेल आला: शैक्षणिक सचोटीच्या नियमांचा भंग झाल्याचा संशय आहे, समितीसमोर हजर राहावे. कोणत्या नियमाचा भंग, कशावरून, एक अक्षर नाही. विभागात जाऊन विचारलं तेव्हा तोंडी कळलं की निबंध कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून तपासला आणि त्यातला बराच भाग 'एआयने लिहिलेला' दाखवतोय.

सोबत एक फॉर्म आहे. त्यात दोनच चौकटी. 'आरोप मान्य आहे' वर खूण केली तर समितीपुढे जायला नको, त्या विषयात शून्य आणि लेखी ताकीद. 'मान्य नाही' वर केली तर सुनावणी, आणि दोषी ठरल्यास 'एका सत्राच्या निलंबनापर्यंत कोणतीही शिक्षा'. खाली सही.

आता खरं काय ते सांगते. निबंध तिचाच आहे. वाचन तिचं, टिपणं तिची, मुद्दे तर ती माझ्याशी फोनवर तासन्‌तास घोळवायची. पण इंग्रजी ही तिची तिसरी भाषा. म्हणून शेवटी तिने व्याकरण सुधारणारं ॲप वापरलं आणि त्यातल्या 'वाक्य सुधारा'च्या सूचना बऱ्याच ठिकाणी स्वीकारल्या. हे चालतं की नाही, कोणी सांगितलं नव्हतं म्हणते. आता तिची कोंडी अशी की ॲपचं सांगितलं तर ते त्यालाच कबुली म्हणतील, आणि लपवलं तर खोटं बोलल्यासारखं होईल.

रात्रभर जागी असते. 'ताई, करून टाकते सही, सुटेन एकदाची' हे एकच पालुपद चाललंय. तिने सही करावी का? नाही केली, तर समितीपुढे नेमकं काय होतं? आणि ॲपचं काय करायचं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

खडूफळा:
मृद्गंध ताई, आधी ती सही थांबवा. मी शिकवतो आणि अशा समित्यांवर बसलो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

समितीवर बहुतेक वेळा दुसऱ्या विभागांतले प्राध्यापक असतात. तुमच्या बहिणीला ते ओळखत नाहीत, तिच्या विषयातलेही नसतात. त्यांच्यापुढे एक फाईल असते, आणि फाईलमध्ये विभागाने जे घातलं तेवढंच असतं. आज त्या फाईलमध्ये फक्त सॉफ्टवेअरचा अहवाल आहे असं धरून चाला. तिची बाजू त्यात तिनेच कागदाच्या रूपात घालायची आहे, तीही सुनावणीच्या आधी. ऐन वेळी काढलेला कागद कोणी नीट वाचत नाही.

आजच एक ईमेल करायला सांगा. आरोप नियमावलीच्या कोणत्या कलमाखाली आहे, सॉफ्टवेअरचा पूर्ण अहवाल, परीक्षकाने लिहिलेला शेरा आणि समिती ज्या नियमांनुसार चालणार ते नियम, हे सगळं मागायचं. हे मिळून वाचायला पुरेसा वेळ उरत नसेल, तर सुनावणी पुढे ढकलण्याची विनंती त्याच ईमेलमध्ये. भाषा साधी ठेवा. 'मला उत्तर देता यावं म्हणून हे हवं आहे' एवढं पुरतं.

आता पुरावा. निबंध ऑनलाईन लिहिला असेल तर फाईलच्या जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात. कोणत्या दिवशी कोणता परिच्छेद वाढला, कोणता खोडला, सगळं दिसतं. त्याच्या प्रती काढा. वाचनालयातून घेतलेल्या पुस्तकांची नोंद, मार्गदर्शकांना पाठवलेला कच्चा आराखडा, हाताने लिहिलेली टिपणं, काही टाकून देऊ नका. एका मुलीने आमच्यापुढे आपली वही ठेवली होती. एका पानावर तीन लेखकांची नावं, त्यांच्यामध्ये बाण, आणि कोपऱ्यात 'हा मुद्दा पटत नाही, पण का?' असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. निबंधाचं तिसरं प्रकरण त्याच प्रश्नावर उभं होतं. ती वही फिरून परत येईपर्यंत खोलीतली हवाच बदलली होती.

आणि तिला निबंधावर बोलता आलं पाहिजे. सदस्य एखादं पान उघडून विचारतात, 'हा युक्तिवाद कसा सुचला?' स्वतः लिहिलेली मुलंही इथे अडखळतात, कारण ती फक्त आरोप घोळवून आलेली असतात, स्वतःचा निबंध परत वाचलेलाच नसतो.

ॲपचं तिने स्वतःहून, पहिल्या लेखी निवेदनातच सांगावं. कोणतं ॲप, कशासाठी, कुठे. मूळ वाक्य आणि सुधारलेलं वाक्य शेजारी ठेवून चार-पाच नमुने द्यावेत. निबंध सादर केला त्या दिवशी लागू असलेली विषय-पुस्तिका काढा आणि भाषासुधारणेबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघा, नंतर बदललेली नव्हे. मनाई असेल तर तेवढा भाग ती मान्य करू शकते. पण 'भाषा सुधारायला साधन वापरलं' आणि 'निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतला' हे दोन वेगळे आरोप आहेत आणि दोन्हींची शिक्षा एक नसते. फॉर्मवर दोनच चौकटी असल्या तरी 'मान्य नाही' वर खूण करून 'सोबतचं निवेदन पाहावं' असं लिहिता येतं.

बिट_बाइट:
सॉफ्टवेअरच्या बाजूने थोडं. ही साधनं पुरावा देत नाहीत, अंदाज देतात. मजकूर किती 'अपेक्षित' वाटतो, यावर बहुतेकांचं गणित चालतं. परभाषेत जपून, ठरावीक रचनेत लिहिणारा माणूस नेमका तसाच लिहितो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परभाषकांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त त्यांनी एआयचे ठरवले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आपलं ओळखयंत्र आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के ते पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारत होतं, हे आकडे त्यांचेच. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या निबंध तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची एआय-ओळख २०२३ च्या ऑगस्टमध्ये बंद ठेवायचं ठरवलं.

हे सगळं समितीपुढे एका पानात मांडा. मात्र याच्याच भरवशावर राहू नका. 'तुमचं यंत्र चुकतं' यापेक्षा 'हा बघा माझा कच्चा खर्डा' याला जास्त वजन आहे.

आणखी एक बघून घ्या. अहवाल साम्याचा (म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो याचा) आहे की एआयचा? ते टक्के वेगळे असतात. साम्याच्या टक्क्यांत अवतरणं आणि संदर्भसूचीही मोजली गेलेली असू शकते.

कलमबहाद्दर:
वकिली करते. तुम्ही देश लिहिलेला नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी मानलं जातं तेवढंच लिहिते.

मूळ तत्त्व जुनं आहे: बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही. केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली यांच्या पदव्या त्यांना न ऐकताच काढून घेतल्या होत्या. १७२३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. ईश्वरानेही आदमला शिक्षा देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं होतं, हे न्यायमूर्तींचं म्हणणं त्याच निकालातलं. अमेरिकेत १९६१ च्या डिक्सन खटल्यात ठरलं की सरकारी महाविद्यालयाला नोटीस आणि सुनावणीशिवाय विद्यार्थ्याला काढता येत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात परीक्षा मंडळाबद्दल तेच म्हटलं: गैरमार्गाचा ठपका ठेवून निकाल रद्द करायचा, तर आधी विद्यार्थ्याला ऐका.

पण यातून चुकीची आशा बाळगू नका. सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला मिळेलच असं नाही. १९७३ च्या हिरानाथ मिश्रा खटल्यात मुलींच्या वसतिगृहाशी संबंधित तक्रार होती. मुलींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या माघारी घेतले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं, कारण मुलींच्या सुरक्षेचा प्रश्न होता आणि आरोप काय आहे ते विद्यार्थ्यांना कळवलेलं होतं. १९७० च्या बिहार बोर्डाच्या प्रकरणात अख्ख्या केंद्रावर सामुदायिक कॉपी झाली होती, तिथे प्रत्येकाला वेगळं ऐकण्याची गरज नाही असं ठरलं. प्रकरणाच्या स्वरूपानुसार प्रक्रिया कमीजास्त होते. तुमच्या बहिणीचं प्रकरण एकटीचं आहे आणि पुरावा कागदी आहे. तो तिला न दाखवण्याचं सबळ कारण मला तरी दिसत नाही.

आणखी एक. गुन्हा 'संशयातीत' सिद्ध व्हावा लागतो, तसं इथे सहसा नसतं. 'घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त' एवढं पुरतं. पण ते दाखवायची जबाबदारी विद्यापीठाची. तिने निर्दोषत्व सिद्ध करायचं नसतं.

कातरवेळ:
मी अशीच सही केली होती. सहाध्यायाबरोबर मिळून प्रयोगाचा अहवाल लिहिला असा आरोप होता. विभागातले लोक चांगलं बोलले, 'किरकोळ आहे, मान्य करून मोकळा हो' म्हणाले. मी केलेलं नव्हतं, पण परीक्षा तोंडावर होती. पुढे व्यावसायिक परवान्याचा अर्ज भरताना प्रश्न आला: तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? तेव्हा 'हो' लिहावं लागलं आणि न केलेल्या गोष्टीचा खुलासा द्यावा लागला. बहिणीला एवढंच सांगा की ताकीद किती वर्षं नोंदीत राहते आणि कोणाकोणाला कळवली जाते, हे लेखी विचारल्याशिवाय पेन उचलू नकोस.

खडूफळा:
कातरवेळ म्हणतात ते अगदी खरं. शिवाय ताकीद नोंदीत असताना दुसरा आरोप आला, तर तो 'दुसरा गुन्हा' म्हणून मोजला जातो आणि शिक्षेची पायरी चढते.

दुसरी बाजूही लिहितो, कारण हा धागा इतर मुलंही वाचतील. खरंच निबंध लिहून घेतला असेल तर लवकर आणि पूर्ण कबूल करणं हेच बरं. समित्या शिक्षा ठरवताना कबुली, पहिली वेळ, आजारपण, घरची अडचण हे सगळं विचारात घेतात. न केलेलं मान्य करू नये आणि केलेलं नाकारू नये.

मृद्गंध:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल पाठवला. अहवाल आणि परीक्षकाचा शेरा आला, तारीखही पुढे गेली. शेऱ्यात लिहिलंय, 'भाषा विद्यार्थिनीच्या वर्गातल्या बोलण्याशी जुळत नाही'. हे वाचून ती रडली. पण मग उठून तिने जुन्या आवृत्त्या काढल्या. पहिल्या खर्ड्यातली मोडकीतोडकी वाक्यं आणि शेवटची वाक्यं शेजारी लावली, तर मुद्दे तेच, क्रमही तोच. पुस्तिकेत 'स्पेलिंग आणि व्याकरण तपासणी चालेल' एवढंच आहे, वाक्य बदलण्याबद्दल काही नाही. तिने 'मान्य नाही' वर खूण करून निवेदन जोडलं.

दोन प्रश्न उरले. मी आत बरोबर बसू शकते का? आणि निकाल विरोधात गेला तर?

कलमबहाद्दर:
अनेक विद्यापीठं सोबत एकाला बसू देतात. विद्यार्थी संघटनेचा सल्लागार मिळत असेल तर तुमच्याऐवजी त्याला न्या, त्याला नियम पाठ असतात. सोबतच्याला बोलू देतात की नाही ते आधी विचारा. बोलू दिलं तरी निबंधाबद्दलची उत्तरं तिनेच द्यावीत. आत काय विचारलं, काय सांगितलं याची टिपणं घ्यायला मात्र कोणीतरी हवंच.

अपील म्हणजे तीच सुनावणी पुन्हा, असं नसतं. साधारण तीन कारणं चालतात: प्रक्रियेत चूक झाली, आधी देता आला नसता असा नवा पुरावा मिळाला, किंवा शिक्षा दोषाच्या मानाने अवाजवी आहे. 'निर्णय पटला नाही' हे कारण टिकत नाही. म्हणून निकाल कारणांसह लेखी मागा. विद्यापीठातले सगळे मार्ग संपले की काही देशांत बाहेर दाद मागता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. विद्यार्थ्याकडून ते शुल्क घेत नाही, आणि विद्यापीठाच्या शेवटच्या पत्रापासून सहसा १२ महिन्यांच्या आत तिथे जावं लागतं. विद्यापीठातल्या अपिलाची मुदत मात्र फार थोडी असते आणि ती निकालाच्या पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही ते उघडलंत त्या दिवसापासून नव्हे. तेव्हा सुनावणी झाल्यावर तिचा विद्यापीठाचा ईमेल रोज बघा, स्पॅमसुद्धा.