बाबांच्या सीएनसीसाठी मराठी स्क्रीन: ‘शून्य’ बटणाचं आणि गेलेल्या लाईटचं काय करू?

सागवान_मिरज

बाबा मिरजेत देवघरं आणि नेमप्लेट करतात. दोघांनी मिळून ६०० बाय ९०० मिमीची सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारी मशीन बांधली: आर्दुइनो उनो (छोटा कंट्रोल बोर्ड), त्यावर जीआरबीएल (मशीन हलवणारा प्रोग्रॅम), तिन्ही अक्षांना स्टेपर मोटर, टोक ओळखणारे लिमिट स्विच आहेत. लॅपटॉपवरून मशीनला एकेक ओळ हुकूम पाठवणारे फुकटातले सेंडर सगळे इंग्रजीत आणि बटणांनी खच्चून भरलेले, म्हणून पायथॉनमध्ये मीच एक लिहिला. मराठी, मोठी अक्षरं, बाबांना चष्म्याशिवाय दिसेल असा.

पहिला घोळ माझाच. ‘शून्य करा’ आणि ‘शून्यावर जा’ ही बटणं शेजारी ठेवली. बाबांना जायचं होतं, त्यांनी केलं. काम जिथून सुरू होतं तो लाकडाचा लावलेला कोपरा गेला.

दुसरा घोळ परवाचा. कमानीवर मोर कोरत असताना लाईट गेली. मशीन थांबली, आवाज बंद. शेजारचे सतारवाले काकासुद्धा बाहेर आले. पण लॅपटॉप बॅटरीवर, आणि पडद्यावर किती कोरून झालं ते दाखवणारी हिरवी रेघ आपली पुढे सरकतेय! बाबा म्हणाले, कॉम्प्युटर चालू आहे म्हणजे लाईट आली की लागेल नीट. चार मिनिटांनी लाईट आली आणि मशीन निघाली. मोराची मान एकीकडे, पिसारा चार बोटं पलीकडे. सागवान होतं.

बटणांना नावं काय देऊ? आणि लाईट गेलेली सॉफ्टवेअरला कळणार कशी?

कुपवाड_सेटर

‘शून्य’ हा शब्दच स्क्रीनवरून काढा. मशीनला शून्य दोन असतात, एक तिचा स्वतःचा आणि एक जॉबचा, म्हणजे कोरायच्या लाकडाचा. एमआयडीसीत आम्ही ‘होम’ आणि ‘जॉब झिरो’ म्हणतो, तरी नवीन पोरं वर्षभर गोंधळतात. तुमच्या बाबांना झिरोशी काय करायचंय? त्यांना लाकडाचा कोपरा कळतो. ‘हा कोपरा धरा’ आणि ‘कोपऱ्यावर जा’ असं लिहा, आणि दोन्ही बटणं स्क्रीनच्या दोन टोकांना ठेवा.

‘कोपरा धरा’ नुसत्या टिचकीने चालू नये, दोन सेकंद दाबून धरायला लावा. त्याआधी जुना ऑफसेट (होमपासून कोपऱ्याचं अंतर) वाचून फाईलमध्ये टाका, म्हणजे ‘मागचा कोपरा परत आणा’ देता येईल. माझ्या मते हे परत आणायचं बटण बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं. आणि ‘कोपऱ्यावर जा’ दाबल्यावर आधी झेड (खाली-वर होणारा अक्ष) वर, मगच आडवे एक्स-वाय. तिन्ही एकदम हलवलेत तर बिट (कोरणारं पातं) तिरकी जॉबमधून जाईल.

पल्स_मोजणारा

ताई, तुमच्या उनोला वीज यूएसबीतून मिळते. मोटरची २४ व्होल्टची सप्लाय मेली तरी तो जिवंतच. मोटर फिरली का, हे त्याला दिसत नाही, तो फक्त मोटरला पाठवलेल्या पल्स (विजेचे ठोके) मोजतो. त्यामुळे लाईट नसताना त्याने मनातल्या मनात मोर कोरला, आणि लाईट आल्यावर बिट जिथे अडकली होती तिथून पुढचा भाग चालू केला.

उपाय वायरिंगमध्ये आहे. २४ व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच) घ्या, कॉइल मोटरच्या सप्लायवर. त्याचा नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना जोडलेला) कॉन्टॅक्ट उनोच्या ए-० पिन आणि ग्राउंडमध्ये. ए-० ही जीआरबीएलची रीसेट पिन. लाईट गेली की कॉन्टॅक्ट जुळतो, रीसेट होतो, चालू काम तुटतं, अलार्म ३ येतो, म्हणजे ‘जागा हरवली’. तिथे बाबांना अनलॉकचं (नुसता अलार्म पुसायचं) बटण देऊच नका, फक्त होम. ही वायर स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) केबलपासून लांब आणि शिल्डेड असू द्या, नाहीतर उगाच रीसेट होत राहील.

जॉब हलला नसेल तर कोपरा पुन्हा लावायला नको. जी ५४ या हुकमाने धरलेला ऑफसेट ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) राहतो, होम केलं की जुळतो. (कोपरा धरायला जी ९२ वापरत असाल तर आजच सोडा, तो रीसेटला उडतो.)

पुन्हा सुरू करताना मशीनकडून आलेल्या शेवटच्या ‘ओके’वर विसंबू नका. ‘ओके’ म्हणजे ओळ घेतली, कापली नव्हे. प्लॅनरमध्ये, म्हणजे जीआरबीएलच्या रांगेत, पंधरा-सोळा हालचाली वाट बघत असतात. तेवढं मागे जा, तिथून आणखी मागे बिट वर असलेली ओळ शोधा, स्पिंडल, फीड (सरकण्याचा वेग) आणि एकक परत पाठवा, मग सुरू. हिरवी रेघसुद्धा पाठवलेल्या ओळींवरून काढू नका, मशीन कळवते त्या स्टेटसमधल्या जागेवरून काढा.

जुना_टर्नर

पोरी, रिले बसव, पण बिट फिरवणाऱ्या राउटरचं काय? त्याचा स्विच चालूच राहिला की. बाबांचा हात बिट सोडवायला गेला असता आणि तेवढ्यात लाईट आली असती तर? माझी एकतीस वर्षं लेथवर गेली. लेथला स्टार्टर असतो. लाईट गेली की त्यातला कॉन्टॅक्टर (मोठा स्विच) पडतो, लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याबिगर मशीन हलत नाही. तसला स्टार्टर राउटरला आणि मोटरच्या सप्लायला लाव. आणि लाल बटण पण त्याच्यावरच घे. पडद्यावरचं लाल बटण म्हणजे नुसतं चित्र. लॅपटॉप अडकला की ते पण अडकतंय.

सागवान_मिरज

काका, हात घातलाच होता बाबांनी. लाईट यायच्या आधी काढला. ते मी वर लिहिलं नव्हतं.

स्टार्टर बसला, रिलेही. काल मुद्दाम मेन स्विच पाडून फोमवर करून बघितलं, तेवीस ओळी मागून सुरू झालं, सांधा दिसत नाही. अलार्मची ओळ बाबांनीच सांगितली: “लाईट गेली होती. मशीनला जागा आठवत नाही. आधी घरी पाठवा.” मी ‘स्थान गमावले’ लिहिलं होतं, ते त्यांनी वाचून सोडून दिलं.

फक्त दोन सेकंद धरायचं बटण जमत नाहीये. बाबा एकदा दाबतात, काही होत नाही, मग पाच-सहा वेळा भराभर दाबतात आणि मला हाक मारतात की बटण बिघडलं. धरल्यावर बटण रंगाने भरत जाईल असं करून बघते आज रात्री. कुणी केलंय का?