अष्टूरचा घुमट आणि बी विंगचा जिना

ए-३०४: काल उदगीरहून येताना वाट वाकडी करून बिदरजवळच्या अष्टूरला गेलो. फोटो टाकतोय. आत अंधार होता, तेव्हा समजून घ्या 🙏

बी-१०२: काका, गोलघुमट का हा?

ए-३०४: नाही गं, तो विजापूरचा, दोनशे वर्षांनंतरचा. ही अहमदशाह वली बहमनीची कबर. राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणणारा तो. १४३६ मध्ये वारला.

सी-५०१: बाहेरून साधीच दिसतेय. भिंत, कमानी, वर घुमट. एवढं काय त्यात?

ए-३०४: मीही बाहेर उभा राहून हेच म्हणालो. आत शिरलो तर काहीच दिसेना. मग तिथल्या माणसाने दारात आरसा धरून उन्हाचा कवडसा वर सोडला. शेंदरी रंगावर सोनेरी अक्षरं, पुढे सरकला की निळं, मग वेलबुट्टी. इराणी गालिचा कुणी घुमटाला आतून लावलाय जणू! कवडसा पडेल तेवढंच दिसतं. मान दुखेपर्यंत बघत होतो.

बी-१०२: अक्षरं कसली?

ए-३०४: कुराणातली वचनं आणि इराणातल्या किरमानचे सूफी संत शाह नियामतुल्ला यांची गुरुपरंपरा. अहमदशाह त्यांना मानायचा. त्यांचे चिरंजीव खलीलुल्ला बिदरलाच येऊन राहिले. त्यांची अष्टकोनी चौखंडी, म्हणजे कबरीची इमारत, वाटेतच लागते. तिच्या दारावर काळ्या दगडात कोरलेली अक्षरं आहेत. मला तर ती रंगांपेक्षाही आवडली.

डी-२०३: माझं आजोळ भालकी. आजी या अहमदशाहला लिंगायत संत अल्लमप्रभूच म्हणायची! होळीनंतर उरुसाला जंगम येतात, शंख वाजतो, नारळ फुटतो.

सेक्रेटरी: तिथे पावणेसहाशे वर्षांचा रंग टिकलाय आणि आपल्या बी विंगच्या जिन्याला दोन पावसाळ्यांत पोपडे. त्या रंगाऱ्याचा नंबर मिळेल का? 😄

ए-३०४: तिथेही बराच रंग उडालाय हो. पण जिन्यावर पाणी मुरतंय, रंगाऱ्याला काय बोल लावता!

बी-१०२: हेच मी तीन मीटिंगांत सांगतेय.

ए-३०४: शेवटचा फोटो मात्र नीट बघा. शेजारची हुमायून बहमनीची कबर. वीज पडून अर्धा घुमट गेला, त्यामुळे कलिंगड कापावं तसं आतलं सगळं उघडं. भिंत केवढी जाड, चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा चढवलाय, एका नजरेत कळतं. या हुमायूनला लोक जालीम म्हणत. तेव्हा वीज नेमकी त्याच्यावरच का पडली, हे वेगळं सांगायला नको.

सी-५०१: आपल्या गच्चीवरचा विजेपासून वाचवणारा अरेस्टर चालू आहे ना?

सेक्रेटरी: रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो.