मदत हवी आहे: मेटल गिटार एकटी ऐकली तर दणदणीत, ड्रम्स-बास आले की गायब

खर्जातला

नमस्कार मंडळी. घरच्या घरी मेटल गिटार रेकॉर्ड करतोय आणि एका जागी पुरता अडकलोय. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

आधी सामान सांगून टाकतो, म्हणजे उलटतपासणी वाचेल. सहा तारांची गिटार, दोन हंबकर पिकअप, २५.५ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी). ट्यूनिंग ड्रॉप सी (सर्वात जाड तार सीपर्यंत उतरवलेली), तारा १०-४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). दोन इनपुटांचा साधा ऑडिओ इंटरफेस. खरा ॲम्प नाही, आणि असता तरी घरच्यांनी तो जोरात लावू दिला नसता. त्यामुळे सगळा कारभार प्लगिनवर: न्यूरल ॲम्प मॉडेलर, त्यात पीव्ही ५१५० ॲम्पचं कॅप्चर (त्याच्या आवाजाची डिजिटल नक्कल), पुढे कॅबिनेटची आयआर (स्पीकर आणि माइकच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल). रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये. ड्रम्स प्रोग्रॅम केलेले, बास मीच वाजवतो, थेट इंटरफेसमध्ये.

रिफ एकटी ऐकली की भिंत हादरते. ड्रम्स आणि बास सुरू झाले की तीच गिटार मागे कुठेतरी सरकते. वरून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखी भणभण आणि खाली नुसता चिखल. आवाज वाढवावा तर स्नेअर बुडतो. वेगातले पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून मारलेले फटके) सुटे ऐकूच येत नाहीत, सगळे एकमेकांत मिसळतात.

सेटिंग: गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) ८, बास ७, मिड्स २, ट्रेबल ७. एकच टेक घेऊन त्याची कॉपी केली, एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे, आणि कॉपी १५ मिलिसेकंद मागे सरकवली. हेडफोनवर मस्त रुंद वाटतं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र पोकळ.

दुसरा ॲम्प शोधू, की मिक्समध्येच काहीतरी करायला हवं?

तिसरी तार

ॲम्पला हात लावू नका. ५१५० वर मेटलचे ढिगाने अल्बम निघालेत, त्याच्यात काही कमी नाही.

मिड्स २ वर ठेवले की गिटार एकटी भव्य वाटते, कारण खालचा आणि वरचा भाग तीच भरून काढते. पण गाण्यात खालची जागा किक आणि बासची, वरची सिम्बल्सची. ते आले की तुमच्या गिटारची दोन्ही टोकं झाकली जातात, आणि मधलं तुम्ही आधीच काढून टाकलंय. मग उरणार काय? मिड्स ५-६ वर आणा, बास ४ वर. एकटी ऐकताना नाकात बोलल्यासारखी वाटेल, वाटू द्या. यापुढे नॉब फिरवताना गिटार सोलो करून ऐकायचीच नाही, ड्रम्स आणि बास चालू ठेवूनच फिरवायचे.

गेनचंही तसंच. डिस्टॉर्शनमध्ये लहरीचे शेंडे छाटले जातात, त्यामुळे जोराचा फटका आणि हलका फटका जवळपास एकाच उंचीचे होतात. गेन ८ असेल तर पिकचा ठोका येणार कुठून? ४-५ वर या. दोन टेक एकत्र वाजले की गेन आपोआप जास्त भासतो.

दोन टेक म्हणजे दोनदा वाजवलेले. कॉपी चालणार नाही. १५ मिलिसेकंद सरकवलेली कॉपी मोनोमध्ये मूळ ट्रॅकशी मिळाली की काही फ्रीक्वेन्सी कापल्या जातात: पहिली खाच ३३ हर्ट्झला, मग १००, मग १६७, अशी दर ६७ हर्ट्झवर एक, थेट वरपर्यंत. तुमच्या मोबाइलवरचा पोकळपणा तोच.

मंद्रसप्तक

वरच्याला +१, पण तारांचं कोणीच बोललं नाही. १०-४६ च्या सेटमधली जाड तार सीपर्यंत उतरवली की लोंबते. जोरात पिक मारला की सूर क्षणभर वर चढतो आणि मग खाली येतो. पॉवर कॉर्डमध्ये हे झालं की डिस्टॉर्शन त्यातली गढूळ लहर आणखी मोठी करतं आणि आपण प्लगिनला शिव्या घालतो. ११-५६ च्या आसपासचा सेट घाला, नट आणि इंटोनेशन (वरच्या पट्ट्यांवरही सूर बरोबर लागतो का) पुन्हा तपासा. ट्यून करताना तार हळुवार छेडू नका, रिफमध्ये जितक्या जोरात मारता तितक्याच जोरात मारा.

पडघम

दोन बारीक शंका. इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं आहे ना? लाइन इनपुटवर पॅसिव्ह पिकअपचा वरचा भाग मरतो. आणि कॅप्चर नुसत्या ॲम्पचं आहे की कॅबिनेटसकट? कॅबिनेटसकट असेल तर वर आणखी आयआर लावू नका, आवाज कोंदतो.

खर्जातला

सगळ्यांचे आभार. बटण दाबलेलं आहे. कॅप्चर नुसत्या ॲम्पचं आहे.

नव्या तारा चढवल्या, गेन ४.५, मिड्स ६, आणि डावी-उजवी वेगवेगळी वाजवून घेतली. फरक जमीन-अस्मानाचा आहे. गिटार आता पुढे आली आणि मोबाइलवरही टिकते. दोन गोष्टी अजून छळताहेत. भणभण कमी झाली पण गेली नाही. आणि पाम म्यूट मारला की खालून 'धुम्म' असा फुगारा येतो, तो बासच्या अंगावर चढतो. ईक्यूने (फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणारं प्लगिन) २०० हर्ट्झ कापलं तर उघड्या कॉर्ड रोडावतात.

तिसरी तार

फुगाऱ्यासाठी ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, त्याची फुकट प्लगिनंही मिळतात. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. त्याचं डिस्टॉर्शन आपल्याला नकोच आहे. तो ७२० हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलतो आणि खालचा भाग ॲम्पमध्ये जाण्याआधीच आवळतो. खालचा भाग डिस्टॉर्शनच्या आधी कापणं आणि नंतर कापणं यात बराच फरक आहे. आधी कापला की म्यूट करकरीत होतात. नंतर कापला की चिखल तोच राहतो, फक्त हळू ऐकू येतो.

एवढं करूनही थोडा फुगारा राहिला तर ईक्यूऐवजी मल्टिबँड कॉम्प्रेसर (ठराविक पट्ट्यातला आवाज वाढला की तेवढाच दाबणारा), तोही एकाच पट्ट्यावर, साधारण १०० ते २५० हर्ट्झ. म्यूट आला की दाबेल, उघड्या कॉर्डला बहुतांशी सोडून देईल. शेवटी हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) ८०-१०० हर्ट्झला.

भणभणीला आधी ईक्यू लावू नका, आयआर बदला. फायलींच्या नावात माइकची जागा लिहिलेली असते. स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर धरलेला एसएम५७ माइक सर्वात टोकदार, कडेकडे सरकवला की मऊ. टोपीच्या कडेवरची फाइल घेऊन पाहा, दोन-तीन सेंटिमीटरवर आवाज पालटतो. मग लो-पास (वरचं कापणारा फिल्टर) ८ ते १० किलोहर्ट्झच्या दरम्यान. आणि दोन आयआर ताडून बघताना आवाजाची पातळी समान करा, नाहीतर जो मोठा तोच कानाला चांगला वाटतो.

घरघर

नियमांची एवढी चर्चा चाललीय म्हणून एक काडी टाकतो. १९९० च्या सुमारास स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एंटूम्ब्ड, डिसमेंबर वगैरे मंडळींनी बॉसच्या एचएम-२ पेडलचे नॉब सरळ पूर्ण फिरवले आणि त्या करवतीच्या आवाजावर एक अख्खी शैली उभी राहिली.

तिसरी तार

काडी मान्य. पण एचएम-२ चा वरचा कलर नॉब १ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग सणसणीत उचलतो. म्हणजे तिथेही मिड्सच!

पडघम

आणि बास विसरू नका. अल्बममध्ये जी 'गिटार' जड वाटते तिचं निम्मं वजन बासचं असतं. बासच्या ट्रॅकची कॉपी करा (इथे कॉपी चालते, फक्त सरकवू नका). एकीवर २०० हर्ट्झच्या वरचं काढा आणि कॉम्प्रेसरने घट्ट बांधा. दुसरीवर खालचं काढा आणि डिस्टॉर्शन लावा. ही दुसरी कॉपी गिटारच्या खाली इतपतच ठेवा की बंद केली तर गिटार अचानक हलकी वाटावी.

खर्जातला

ट्यूब स्क्रीमर जादू आहे राव. म्यूट आता एकेक मोजता येतात, मल्टिबँडची गरजच पडली नाही. टोपीच्या कडेवरची आयआर घेतली, लो-पास ९ किलोहर्ट्झ. बासचं डिस्टॉर्शन आज रात्री लावून बघतो.

शेवटचा प्रश्न: दोनाऐवजी चार टेक घेऊ का? प्रत्येक बाजूला दोन-दोन?

मंद्रसप्तक

दोन टेकमधले म्यूट एकाच क्षणी सुटत असतील तर घ्या. नसतील तर चारांनी ठोका आणखी पसरेल. आणि काहीही करा, कच्चा डीआय ट्रॅक (ॲम्प न लावलेली थेट गिटार) पुसू नका. पुढच्या महिन्यात दुसरा ॲम्प आवडला तर पुन्हा वाजवायला लागणार नाही.