मदत हवी आहे: जुन्या गोव्यातल्या चर्चमधलं प्रदर्शन, शाळेची सहल (तातडीचं)

खडूफळा
आठवीच्या मुलांची सहल घेऊन गोव्याला जातेय. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये इतिहासाचं आणि चित्रांचं जे मोठं प्रदर्शन आहे, ते मुलांना दाखवायचंच आहे. एका पालकांनी काल सांगितलं की ते बंद असतं. चालू आहे की बंद, एवढंच कुणी नक्की सांगेल का? मुलांना तिकीट लागतं का? वहीत चित्रं काढू देतात का? उद्या मुख्याध्यापकांना कार्यक्रम लिहून द्यायचा आहे. नेटवर शोधा असं कृपया सांगू नका, शोधून झालंय.

फोंडेकर
बाई, कुठलं चर्च? बसमधून उतरलात की एका हाताला बॉम जेझू, रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल, त्याला लागून सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, आणि टेकडीवर सांता मोनिका. यातल्या तीन ठिकाणी काही ना काही मांडलेलं आहे. कुठलं हवंय आणि वार कुठला, ते सांगा.

मांडवीकाठ
सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाबद्दल विचारताय ना? ते संपलं. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं. दर दहा वर्षांनी असतं, म्हणजे आता २०३४ च्या सुमारास. मी आईला घेऊन गेलो होतो. रांग मोठी होती, पण वयस्कर लोकांची सोय फार आपुलकीने केली होती. पाणी, खुर्च्या, सगळं. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावं.

खडूफळा
शवप्रदर्शन नाही. चित्रांचं. भिंतींवर ओळीने पूर्ण उंचीच्या माणसांची चित्रं आहेत आणि खाली दगडी मूर्ती. मी कॉलेजात असताना पाहिलं होतं. चर्चला लागूनच होतं.

रंगरेषा_अनघा
मग बॉम जेझूमधलं असणार! वरच्या मजल्यावर कलादालन आहे, गोव्याचेच चित्रकार डॉम मार्टिन यांची चित्रं आहेत. मी कलाशिक्षक आहे, दर सहलीत मुलांना तिथेच नेते. शिवाय झेवियरची समाधी बघायला मिळते. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने केलेलं संगमरवराचं आणि ब्राँझचं काम आहे, टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवलं, १६९८ मध्ये बसवलं. वर चांदीची पेटी मात्र १६३७ ची, गोव्यातल्या कारागिरांच्या हातची. इटलीचं काम आणि गोव्याचं काम एकावर एक उभं आहे. मुलांना चित्रकलेच्या तासाला याहून चांगलं काय दाखवणार?

फोंडेकर
अनघाताई, दगडी मूर्ती म्हणाल्या त्या. बॉम जेझू नव्हे. हे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. १९६४ पासून आहे. आणि पालक अर्धं खरं बोलले: ते शुक्रवारी बंद असतं. म्हणून वार विचारतोय.

खडूफळा
शुक्रवारच आहे. गुरुवारी रात्री गडहिंग्लजहून निघणार, आंबोलीमार्गे. शुक्रवारी सकाळी जुनं गोवं, शनिवारी मंगेशी, शांतादुर्गा करून परत. एसटीचा प्रासंगिक करार झालाय, त्यामुळे निघायची तारीख बदलता येत नाही.

दुर्गवाट
आठवीच्या मुलांना पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं कशाला? ज्यांनी देवळं पाडली त्यांची ओळ बघून मुलं काय शिकणार? त्यापेक्षा नार्वेला सप्तकोटेश्वराला न्या. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पाडलं, लिंग वाचवून नार्वेला आणलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला. हा इतिहास आपला.

वीरगळ
दुर्गवाट, नार्वे जरूर करावं, पण हे संग्रहालय तुम्ही आतून पाहिलंय का? तिथे गोव्याच्या कदंब राजांच्या काळातली विष्णूची मूर्ती आहे, सतीशिळा आहेत, वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड आहेत. आमच्या भागात देवळाच्या आवारात वीरगळ असतात, त्यावर घोडा, ढाल, गाईंसाठी झालेली लढाई. इथल्या एका वीरगळावर जहाजातली लढाई कोरली आहे. घाटावरच्या मुलांनी तो दगड बघायलाच हवा. कदंबांचं आरमार होतं हे पुस्तकात एका ओळीत येतं, इथे ते दगडावर दिसतं.

आणि चित्रांचं म्हणाल तर ती बघूनच प्रश्न पडतात. १५४७ मध्ये जुआंव द काश्त्रु याने आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांची चित्रं काढून घेतली. देखरेख गास्पार कुर्रैया या बखरकाराची, हात एका स्थानिक चित्रकाराचा. पुढे प्रत्येक नव्या व्हाइसरॉयची आणि गव्हर्नरची भर पडत गेली. बाई, मुलांना एक काम द्या. १६८३ मध्ये संभाजी महाराज गोव्याच्या दारात आले, जुवे बेट घेतलं. तेव्हाचा व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर इतका हवालदिल झाला की झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड त्याच्या स्वाधीन केला, अशी हकीकत सांगतात. त्या ओळीत त्याचं नाव मुलांनाच शोधू द्या. मग रस्ता ओलांडून तीच पेटी बॉम जेझूत दाखवा, फक्त पेटी आणि समाधी त्या प्रसंगानंतरच्या सजावटीसह.

रंगरेषा_अनघा
चांदीची पेटी १६३७ ची आहे, म्हणजे १६८३ ला ती होतीच. नंतरची फक्त खालची समाधी. आणि ती व्हाइसरॉयांची चित्रं पुन्हा पुन्हा रंगवलेली आहेत. मूळ हात कितीसा उरलाय? कलेच्या दृष्टीने मी ती मुलांसमोर ठेवणार नाही.

वीरगळ
पेटीचं बरोबर आहे तुमचं. पण पुन्हा रंगवली म्हणून टाकाऊ कशी? कपडे बघा. चिलखतापासून लेसच्या कॉलरपर्यंत आणि पुढे कोटापर्यंत. चारशे वर्षांचा पोशाख एका दालनात दुसरीकडे कुठे दिसेल? मुलांच्या हातात वही असेल तर आधी तेच काढतील.

लाल_चिरा
बॉम जेझूचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आज ते लाल दगडाचं दिसतं, लोक फोटो काढतात, पण ते तसं बांधलेलं नव्हतं. १९५० च्या दशकात बाहेरचा गिलावा काढून टाकला. चिरा हा पावसात उघडा ठेवायचा दगड नव्हे. आमच्याकडे साध्या कुंपणाच्या चिऱ्यालाही लोक गिलावा करतात. गोव्याच्या पावसात दरवर्षी तो झिजतोय. पुन्हा गिलावा करा म्हणून मागणी आहे, दुसरीकडे लोक म्हणतात ओळख जाईल. माझं मत स्पष्ट आहे, गिलावा केला पाहिजे.

मांडवीकाठ
अजिबात नाही. लाल रंग हीच बॉम जेझूची ओळख आहे आता.

लाल_चिरा
भिंतच गेली तर ओळख कशावर ठेवणार? शेजारचं से कॅथेड्रल बघा, पांढरा गिलावा अंगावर घेऊन उभं आहे. १७७६ मध्ये त्याचा एक मनोरा कोसळला तो कायमचाच. नंतर हळहळून मनोरा परत आला नाही.

खडूफळा
गिलाव्यासाठी वेगळा धागा काढा, प्लीज. मला शुक्रवारचं सांगा. शुक्रवारी संग्रहालय बंद, मग काय करू? मुलांच्या तिकिटाचं कुणीच सांगितलं नाही.

फोंडेकर
दिवसांची अदलाबदल करा. शुक्रवारी सकाळी बस थेट फोंड्याला घ्या. मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा दिवसभरात निवांत होतं. मुलं रात्रभर प्रवास करून आलेली असतात, देवळांच्या आवारात मोकळी फिरतील. शनिवारी सकाळी संग्रहालय उघडलं की आत शिरा. आधी संग्रहालय, मग शेजारचं असिसीचं चर्च, से कॅथेड्रल, शेवटी रस्ता ओलांडून बॉम जेझू. दुपारी जेवून तिथूनच परतीला लागता येतं.

तिकीट: पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. शाळेच्या लेटरहेडवर नावं आणि जन्मतारखा घेऊन जा, मुलं उंच असली की दारावर विचारतात. शिक्षकांचं तिकीट घ्यावं लागेल.

सहल डिसेंबरच्या सुरुवातीला नाही ना? ३ तारखेला सायबाचं, म्हणजे सेंट झेवियरचं फेस्त असतं. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. बस उभी करायला जागा मिळत नाही.

खडूफळा
फेस्तानंतर आहे. अदलाबदल जमेल असं वाटतंय, पण शुक्रवारचं जेवण पणजीत सांगून ठेवलंय.

फोंडेकर
ते शनिवारवर ढकला. जुन्या गोव्याहून पणजी दहा किलोमीटरच्या आत आहे.

सांज_उन्हं
शुक्रवारी जुनं गोवंच करायचं असेल तर सांता मोनिकातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघा ना! १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, पुढे इथे आलं, मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. हस्तिदंताच्या मूर्ती आणि पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं चांदीचं पूजापात्र आहे. विषय ख्रिस्ती, पण घडवणारे हात इथले, आणि ते नक्षीत लगेच ओळखू येतं. मला तर पुरातत्त्वच्या संग्रहालयापेक्षा हे जास्त आवडतं. वेळ आणि तिकीट आधी फोनवर विचारून घ्या, पुरातत्त्व खात्याचे नियम तिथे लागू नाहीत.

वीरगळ
चांगलं आहे, पण वीरगळ तिथे नाही.

दुर्गवाट
माझं ऐका, शनिवारी परतीच्या वाटेवर डिचोलीकडून नार्वे होऊ शकतं.

रंगरेषा_अनघा
चित्रं काढायचं: दारावर आधी विचारा. मी फक्त पेन्सिल नेऊ देते, रंग नाहीत, आणि मुलांना दहा-दहाच्या गटात आत सोडते. पूर्ण वर्ग एकदम आत गेला की बाकीच्यांना मूर्ती दिसत नाहीत आणि पहारेकरी वैतागतात. चर्चच्या आत मात्र वह्या काढू नका, लोक प्रार्थनेला बसलेले असतात. बाह्या असलेले कपडे घालायला सांगा.

खडूफळा
ठरलं. शुक्रवारी फोंडा, शनिवारी सकाळी संग्रहालय आणि तिन्ही चर्च, जेवण शनिवारी पणजीत. नार्वेचं ड्रायव्हरला विचारून बघते, पण कबूल करत नाही, मुलांना रात्री उशीर नको. वीरगळ, तुमचं कोंदी द आल्व्होरचं काम मी मुलांना नक्की देणार आहे. तो जहाजाचा वीरगळ खालच्या मजल्यावर आहे की वर?

वीरगळ
दगडी मूर्ती खाली, चित्रं वर. आत गेलात की अफोन्सो द अल्बुकर्कचा भलामोठा ब्राँझचा पुतळा लागेल, त्याच्याजवळच १५१० सांगून घ्या, त्याने गोवं जिंकलं ते साल. २५ नोव्हेंबर, संत कॅथरीनचा दिवस. म्हणूनच शेजारचं से कॅथेड्रल तिच्या नावाचं. मग सावकाश दगडांकडे वळा.

नवा_प्रवासी
पणजीहून दूधसागरला जीप किती वाजता सुटतात?