फिरायला गेलो तिथेच मत टाकलं, तर बिघडलं कुठे?

भटकभवानी: मे 2025. दक्षिण कोरियात, सोलच्या ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर ग्योंगजूला गेले होते. सिल्ला राज्याची जवळजवळ हजार वर्षांची राजधानी. भर गावात राजांच्या थडग्यांच्या हिरव्यागार टेकड्या, शिवाय सातव्या शतकातली वेधशाळा (मला ती दगडी बरणीच वाटली). सकाळी बाईसाहेब म्हणाल्या, "थांब, मत टाकून येते." नाव सोलच्या यादीत, राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान 3 जूनला! तर 29 आणि 30 मे हे दोन दिवस देशातल्या कुठल्याही आगाऊ मतदान केंद्रावर नुसतं ओळखपत्र दाखवून मत देता येत होतं. मतपत्रिका तिथेच छापून मिळते, पाकिटात बंद होऊन रजिस्टर पोस्टाने तुमच्या मतदारसंघात जाते. लाल चवळीचं पुरण भरलेली ह्वांगनामपांग मी संपवेपर्यंत ती परत आलीसुद्धा. आपल्याकडे हे का नको?

नाना_सातारकर: 2022 मध्ये तिथेच राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आन चॉल-सू यांनी मतदानाला 6 दिवस उरले असताना माघार घेतली. परदेशातल्या कोरियनांचं मतदान तोवर उरकलं होतं. आनना दिलेली मतं गेली बाद. आपल्याकडे तर पाठिंबे शेवटच्या रात्री फिरतात.

फडकरी: नाना, शेवटच्या रात्री आणखी काय काय फिरतं ते बोलायला लावू नका. आमच्या बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात. 2024 च्या विधानसभेचं मतदान होतं 20 नोव्हेंबरला. उचल घेतलेला माणूस कोयता टाकून मतासाठी गावी येईल? पर्यटकांचं राहू द्या, सोय यांना हवी.

नाना_सातारकर: म्हणजे केंद्र कारखान्यावर, उचल देऊन टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या डोळ्यांदेखत? जानेवारी 2023 मध्ये आपल्या निवडणूक आयोगाने गावापासून लांब राहूनही मत देता येईल असं, 72 मतदारसंघांचं दूरस्थ मतदान यंत्र बघायला पक्षांना बोलावलं, तर विरोधक 'स्थलांतरित म्हणजे नक्की कोण' इथेच अडले. आणि कोरियाचं म्हणाल, तर 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा लावला तेव्हा निवडणुकीत घोटाळा झाल्याच्या संशयावरून सैनिक तिथल्या निवडणूक आयोगातही शिरले होते. कागदी मतपत्रिका असून हा संशय!

भटकभवानी: त्याच संशयानंतर सहा महिन्यांत 34.74 टक्के मतदारांनी आगाऊ मत दिलं, नाना. मुकादमाचं मात्र मला उत्तर सुचत नाही.

फडकरी: केंद्र तालुक्याला ठेवा, आठवडी बाजाराच्या दिवशी. मीठ-मिरचीला टोळी तशीही येतेच.