ऐंशीच्या दशकातल्या पॉप-रॉक गाण्यांचा सलग मिक्स: क्रम, जोड आणि आवाज याबद्दल सल्ला हवा

पेन्सिल_रिवाइंड:
१९८० ते ८९ मधल्या गाण्यांचा ८० मिनिटांचा सलग मिक्स करायचाय. पॉप आणि रॉक दोन्ही. 'बिली जीन', 'द फायनल काउंटडाउन', 'लिव्हिन ऑन अ प्रेअर', 'स्वीट ड्रीम्स', 'टेक ऑन मी', 'इन द एअर टुनाइट' ही नक्की, बाकीची चाळणी चालू आहे. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. तीन अडचणी आहेत. काही गाणी दणकन वाजतात, काही पुटपुटतात. क्रॉसफेड (एक गाणं विरत असताना दुसरं चढवणं) लावला की मध्येच आवाज खचतो. आणि पॉपनंतर रॉक आलं की सांधा दिसतो. क्रम कशावरून लावायचा? गाणी साधारण किती बसतील?

चौथी_मात्रा:
पॉप की रॉक हे विसरा, लय बघा. मिनिटाला किती ठोके पडतात ते प्रत्येक गाण्यापुढे लिहा आणि चढत्या क्रमाने लावा. 'बिली जीन' ११७, 'फायनल काउंटडाउन' ११८, 'प्रेअर' १२३, 'स्वीट ड्रीम्स' १२६, 'ब्लू मंडे' १३०. निम्मं काम इथेच झालं.

मग सूर, म्हणजे गाण्याची पट्टी. 'बिली जीन' आणि 'फायनल काउंटडाउन' दोन्ही एफ शार्प मायनरमध्ये आहेत, त्यामुळे पहिल्याच्या ठेक्यावर दुसऱ्याची किबोर्डची धून सरळ बसते. लयीतला फरक एका टक्क्याच्या आतला, म्हणून तिथे टेम्पोचा इफेक्ट (सूर तोच ठेवून फक्त लय बदलणारा) नको, सरळ वेगच बदला. सूर किंचित हलेल पण कानाला कळणार नाही. टेम्पोचा इफेक्ट आवाज ताणतो आणि झांजा चरचरतात, तो दोन-तीन टक्के फरकासाठी राखून ठेवा.

'प्रेअर'ला सॉफ्टवेअर ई मायनर दाखवेल. अर्धवट खरं. शेवटचं ध्रुवपद तीन अर्धे स्वर वर चढतं आणि गाणं जी मायनरच्या घरात संपतं. आपल्याला जोड शेवटी द्यायचाय, तेव्हा सूर शेवटचा धरा. पुढे सी मायनरमधलं 'स्वीट ड्रीम्स' छान लागतं.

'टेक ऑन मी' १६९ आहे, सॉफ्टवेअर कधी त्याचं निम्मंही दाखवतं. त्याला या रांगेत कोंबू नका, आधीचं गाणं समेवर तोडून सरळ सुरू करा.

गाणी २१ धरा. सरासरी चार मिनिटं म्हणजे ८४, त्यातून २० जोड गुणिले १६ सेकंद वजा. उरतात ७८ मिनिटं ४० सेकंद.

खर्जातला:
वरच्या प्रतिसादाला +१. आवाज का खचतो ते सांगतो. दोन वेगळी गाणी सरळ रेषेत चढवली-उतरवली की मधोमध दोन्ही निम्म्यावर येतात आणि एकूण आवाज ३ डेसिबलनी पडतो. क्रॉसफेडमध्ये 'कॉन्स्टंट पॉवर' निवडा, हा खड्डा बुजेल.

दुसरा खड्डा गाण्यातच असतो. त्या काळातली निम्म्याहून जास्त गाणी शेवटी विरत जातात. विरणाऱ्या आवाजावर तुम्ही आणखी फेड लावलात तर उरतं काय? विरायला लागण्याच्या आठ बार (एक बार म्हणजे चार ठोके) आधी जोड सुरू करा.

दोन्ही गाण्यांचे बेस, म्हणजे खर्जाचे आवाज, एकदम वाजू देऊ नका, नुसता गडगडाट होतो. येणाऱ्या गाण्याचा १५० हर्ट्झखालचा भाग पहिले चार बार कापा. पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर तो परत आणा आणि त्याच क्षणी जाणाऱ्याचा कापा. आठ बारच्या जोडात सगळ्यात जास्त फरक या अदलाबदलीने पडतो. प्रिन्सच्या 'व्हेन डव्ह्ज क्राय'मध्ये (१९८४) बेस गिटार नाहीच, तिथे ही कसरत जवळपास वाचते.

पेन्सिल_रिवाइंड:
बेसची अदलाबदल करून पाहिली, एकदम साफ! पण 'स्वीट चाइल्ड ओ माइन' जुळत नाही. सुरुवातीला ठोका बसतो, दहा सेकंदांत घसरतो. आणि आवाजाच्या पातळीचं राहिलंच.

चौथी_मात्रा:
तिथे ड्रम माणूस वाजवतोय, मशीन नाही. संपूर्ण गाण्याची सरासरी लय काढून उपयोग नाही. जिथे जोड द्यायचाय तिथलेच ३२ ठोके मोजा आणि १९२० ला तेवढ्या सेकंदांनी भागा, ती खरी लय. जोड चार बारचाच ठेवा. त्यातल्या गिटारी अर्धा स्वर उतरवून लावलेल्या आहेत, तेव्हा नोटेशनच्या चोपडीवरून सूर ठरवू नका, कानाने ठरवा.

'एव्हरीबडी वॉन्ट्स टु रूल द वर्ल्ड'ची लय ११२ आहे, पण चाल झुलती. सरळ ठेक्यावर ते कधीच चढवू नका, आकडे जुळले तरी ठेके भांडतात.

जुनी_तबकडी:
पातळीबद्दल. ऐंशीच्या दशकातल्या सीडी मोकळ्या आवाजाच्या असतात, तीच गाणी नंतरच्या रीमास्टरमध्ये (नव्याने घडवलेल्या आवृत्तीत) ठासून भरलेली. लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये सगळी −१६ लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणा. मोठी गाणी खाली उतरवायची, बारीक गाणी लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणारा इफेक्ट) वर ढकलायची नाहीत, नाहीतर स्नेअर ड्रमची धार बोथट होते. 'इन द एअर टुनाइट'ला मात्र आकड्यावर सोडू नका. साडेतीन मिनिटांनंतर ड्रम कोसळतात, तो भाग शेजारच्या गाण्याशी कानाने जुळवा. आणि कृपा करून त्याच्या आधी ते गाणं तोडू नका.

गाणी घेताना दोन गोष्टी तपासा. संकलनांमध्ये पुष्कळदा त्याच बँडने नंतर पुन्हा गायलेली आवृत्ती असते. लांबी आणि ध्वनिमुद्रणाचं वर्ष मूळ सिंगलशी ताडून बघा. दुसरं, सुरुवातीच्या काही सीडींवर प्री-एम्फसिस आहे, म्हणजे ट्रेबल मुद्दाम वाढवून मुद्रित केलेला. संगणकावर उतरवल्या की चिरकतात. ट्रेबल कमी करत बसू नका, सॉक्स या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधला 'डीएम्फ' इफेक्ट एकदा चालवा.

व्हिडिओवरून आवाज उचलणं तर नकोच, त्यात मध्येच संवाद आणि दारांचे आवाज असतात.

पेन्सिल_रिवाइंड:
सीडीवर उतरवताना गाणी वेगळी निवडता यायला हवीत, पण मध्ये शांतता नको.

खर्जातला:
मग फाइल्स तोडू नका. एकच वेव्ह फाइल, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सोबत क्यू शीट (कुठलं गाणं कुठे सुरू होतं ते सांगणारी छोटी मजकुराची फाइल). प्रत्येक गाण्याची खूण बेसची अदलाबदल होते त्या ठोक्यावर द्या. क्यूमध्ये सेकंदाचे ७५ भाग असतात, शंभर नव्हे. बर्न करताना 'डिस्क-अ‍ॅट-वन्स' (सगळी सीडी एका दमात लिहिणं) निवडा, 'ट्रॅक-अ‍ॅट-वन्स'ने दोन सेकंदांची फट पडते. एमपीथ्री तुकडे केलेत तरी फट राहते, कारण एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटवतो.